शेंड्यावरची पेशी आणि शेतकऱ्याचा हक्क



हरभऱ्याचे पीक वीतभर वाढले की शेतकरी बाया त्याचे शेंडे खुडून घेतात. खुडलेल्या पाल्याची घरी भाजी होते. आणि शेंडा गेला म्हणून झाड खुंटत नाही. उलट बगलेतले डोळे फुटतात, झाड पसरते आणि घाटेही अधिक धरतात. ही रीत कोणत्याही कृषी विद्यापीठाने शिकविलेली नाही. उसाचे बेणे डोळा शाबूत पाहूनच निवडावे, केळीचा मुनवा गड्ड्यासकट काढावा, बटाट्याच्या फोडी करताना प्रत्येक फोडीला डोळा राहील याची काळजी घ्यावी, हे ज्ञान शेतात राबणाऱ्या माणसांजवळ पिढ्यान्‌पिढ्या होते. झाडाच्या अंगी ठराविक ठिकाणी पुन्हा नव्याने झाड होण्याची शक्ती दडलेली असते, एवढे त्यांनी अनुभवाने जाणले होते. त्या शक्तीचा ठावठिकाणा आणि तिचे नियम शोधण्याचे काम गेल्या सव्वाशे वर्षांत विज्ञानाने केले.

या शोधाचे एक फळ २०२५ साली भारतीय शेतकऱ्याच्या उंबरठ्यापाशी आले. त्या वर्षी ४ मे रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी नवी दिल्लीत जनुकसंपादनाने तयार केलेल्या भाताच्या दोन वाणांची घोषणा केली. त्यांपैकी हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेत तयार झालेले ‘डीआरआर धान १००’ उर्फ ‘कमला’ हे वाण वनस्पतींच्या मूलपेशींविषयीच्या संशोधनाचे थेट अपत्य आहे. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती जनुक कापणाऱ्या कात्रीची. ज्या पेशीसाठी ती कात्री चालविली गेली, तिच्याविषयी फारसे कोणी बोलले नाही. त्याहून कमी चर्चा झाली ती मालकीची. शेंड्यावरच्या या पेशीचे ज्ञान कोणी मिळविले, कोणाच्या पैशाने मिळविले आणि त्यातून निघणाऱ्या उत्पन्नावर हक्क कोणाचा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

शेंड्यावरचा तोल

प्राण्याचे हातपाय, डोळे, कान गर्भातच घडतात. जन्मानंतर त्यांची वाढ होते; नवा हात किंवा नवा डोळा फुटत नाही. वनस्पतीचे तसे नाही. शंभर वर्षांच्या वडालाही दर वर्षी नवी पालवी येते, नव्या पारंब्या येतात. याचे कारण असे, की खोडाच्या व फांदीच्या शेंड्यावर, मुळाच्या टोकाशी आणि सालीच्या आत काही पेशी आयुष्यभर कोवळ्या राहतात. त्यांना अद्याप पान, फूल, साल वा लाकूड असे कोणतेच रूप मिळालेले नसते. अशी पेशी दुभंगते तेव्हा तिचा एक वारस जागेवरच कोवळा राहतो आणि दुसरा पुढे सरकून पान होतो, फूल होतो किंवा दाणा होतो. यांनाच मूलपेशी म्हणतात. येथे ‘मूल’ या शब्दाचा अर्थ जमिनीतील मूळ असा नसून आद्य, आरंभीची, असा आहे. श्रीलंकेतील अनुराधपूरचा बोधिवृक्ष इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेहून नेलेल्या फांदीपासून वाढला, असे परंपरा सांगते. एका फांदीतून वृक्ष उभा राहतो आणि शतकानुशतके पालवत राहतो, तो या पेशींच्या बळावर. बाजारात मिळणारा फुलकोबीचा पांढरा गड्डा म्हणजे तरी काय? फुले होण्याआधीच अडकून पडलेल्या, पुन्हा पुन्हा दुभंगलेल्या अशा असंख्य कोवळ्या शेंड्यांचा तो पुंजका आहे.

या पेशी संख्येने थोड्या असतात आणि त्यांची संख्या नेमकी राखली जाते. ती घटली तर शेंडा संपतो. बेसुमार वाढली तर खोड चपटे होते, कणीस वेडेवाकडे होते. हा तोल कसा सांभाळला जातो, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस नावाच्या एका क्षुद्र रोपट्यावर जर्मनी व अमेरिका येथील विद्यापीठांतून काम चालले होते. १९९६ मध्ये ‘वुशेल’ नावाच्या जनुकाचे वर्णन प्रसिद्ध झाले. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ विस्कटलेल्या केसांची झिपरी असा आहे. हे जनुक बिघडलेल्या रोपाचा शेंडा तसाच दिसतो. शेंड्याच्या आत, मूलपेशींच्या खालच्या थरात हे जनुक जागे असते आणि वरच्या पेशींना ‘कोवळ्या राहा’ असा निरोप देते. वरच्या मूलपेशी ‘क्लॅवाटा’ नावाच्या जनुकांद्वारे ‘आता पुरे’ असा उलट निरोप खाली धाडतात. पेशी वाढल्या की पुरेचा निरोप मोठा होतो. घटल्या की तो क्षीण होतो आणि खालचा हुकूम पुन्हा जोर धरतो. कालव्यावरचा पाटकरी शेतातील पाणी पाहून दार वरखाली करतो, तसाच हा व्यवहार आहे. २००० सालापर्यंत त्याचे मुख्य सूत्र स्पष्ट झाले होते.

शास्त्रज्ञांना हे सूत्र सापडले तेव्हा त्यांच्या असे लक्षात आले, की शेतकऱ्याने ते हजारो वर्षांपूर्वीच वापरले आहे. रानटी टोमॅटो बोराएवढा असतो आणि त्यात दोनच कप्पे असतात. आजच्या मोठ्या टोमॅटोत ते अनेक असतात. हा फरक वुशेल व क्लॅवाटा या जनुकांच्या हुकमातील किंचित ढिलाईमुळे पडला आहे. मक्याच्या रानटी पूर्वजाच्या कणसात दाण्यांच्या दोनच ओळी असतात. आजच्या मक्याला त्या बारा, सोळा किंवा त्याहूनही अधिक असतात. मेक्सिकोतील ज्या अनाम शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जाड कणीस बियाण्यासाठी बाजूला काढले, ते नकळत शेंड्यावरच्या मूलपेशींचीच निवड करीत होते. म्हणून या शास्त्राचे पहिले भागधारक शेतकरीच आहेत, हे आरंभीच नोंदविले पाहिजे.

खुले राहिलेले ज्ञान

प्रयोगशाळेतील इतिहासही याच गोष्टीची साक्ष देतो. १९०२ साली गॉटलीब हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने असा विचार मांडला, की वनस्पतीची एक सुटी पेशीसुद्धा योग्य पोषण मिळाल्यास संपूर्ण वनस्पती घडवू शकेल. त्याला स्वतःला ते सिद्ध करता आले नाही. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल व क्लोद मार्तें यांनी विषाणूने ग्रासलेल्या डेलियाच्या शेंड्याचे सूक्ष्म टोक काढून वाढविले आणि त्यापासून रोगमुक्त झाडे मिळविली. शेंड्याच्या अगदी टोकापर्यंत विषाणू सहसा पोचत नाहीत, या निरीक्षणाचा तो उपयोग होता. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्के स्कूग व कार्लोस मिलर यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले, की ऑक्सिन व सायटोकायनिन या दोन संप्रेरकांचे प्रमाण बदलले तर त्याच तंबाखूच्या पेशीसमूहाला कधी मुळे फुटतात, तर कधी कोंब. पुढच्याच वर्षी एफ. सी. स्टीवर्ड यांनी गाजराच्या पेशी नारळपाण्याच्या पोषणावर वाढवून त्यांपासून पुन्हा रोपे मिळविली.

या परंपरेत भारताचे स्थान मानाचे आहे. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोत्र्याच्या परागकोशांचे संवर्धन करून परागकणांपासून भ्रूण वाढविले. अशा रोपात गुणसूत्रांचा एकच संच असतो. तो दुप्पट केला की शुद्ध वाण एका फटक्यात हाती येते आणि पैदासकाराचे कित्येक हंगाम वाचतात. जगभरच्या पैदासकारांनी ही पद्धत उचलली. चीनने तिच्यातून भाताची नवी वाणे काढली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मस्करेन्हस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊस, साग, बांबू यांच्या ऊतिसंवर्धनावर दीर्घकाळ काम केले. बांबूला फुलोरा येण्यास अनेकदा कित्येक दशके लागतात. या प्रयोगशाळेने तो काचेच्या नळीत काही महिन्यांत आणून दाखविला आणि १९९० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाने ते संशोधन छापले.

या सर्व नामावळीत एक गोष्ट समान आहे. हे संशोधन प्रामुख्याने विद्यापीठांत व सरकारी प्रयोगशाळांत, सार्वजनिक पैशावर झाले. ते छापले गेले आणि ज्याला हवे त्याने ते वापरले. धोत्र्याच्या परागकोशावर दिल्लीने कुंपण घातले नाही. पोषणद्रव्याची जी कृती मुराशिगे व स्कूग यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केली, ती आजही जगातील असंख्य ऊतिसंवर्धन प्रयोगशाळांत रोज वापरली जाते. ज्ञान वाटल्याने वाढते, हे येथे केवळ सुभाषित नव्हते. तो रोजचा व्यवहार होता.

केळीच्या बागेचा धडा

मूलपेशींचे विज्ञान शेतात उतरले की काय घडते, हे पाहण्यास हैदराबादपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. खानदेशात केळीच्या बागेत पूर्वी शेजारच्या जुन्या बागेतील मुनवे आणून लावीत. ते लहानमोठे असत, त्यांच्याबरोबर कीड व रोग येत आणि घड पुढेमागे कापणीला येत. गेल्या तीन दशकांत त्यांची जागा ऊतिसंवर्धित रोपांनी, विशेषतः ‘ग्रँड नैन’ या वाणाच्या रोपांनी, मोठ्या प्रमाणावर घेतली. शेंड्याच्या एका टोकापासून हजारो रोपे तयार होतात आणि सारी एकसारखी असतात. बाग एकाच वेळी वाढते, लवकर कापणीला येते आणि माल एकसारखा निघतो. ठिबक सिंचनाच्या जोडीने या रोपांनी केळी उत्पादकाचे उत्पन्न वाढविले, हे कोणीही प्रामाणिक निरीक्षक नाकारणार नाही.

परंतु या यशाची दुसरी बाजूही आहे. मुनवा घरचा किंवा शेजारचा होता. रोप विकतचे झाले. ज्याच्यापाशी विहीर, ठिबक आणि कर्जाची पत आहे, त्यालाच ते परवडते. दुसरे असे, की रोपे ज्या मातृवृक्षापासून काढली, त्यात विषाणू असेल तर प्रयोगशाळा त्या रोगाच्याही हजारो प्रती काढते. म्हणूनच केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाला २००६ मध्ये ऊतिसंवर्धित रोपांसाठी प्रमाणनाची राष्ट्रीय व्यवस्था उभारावी लागली. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. संपूर्ण परिसरात एकाच झाडाच्या प्रती उभ्या असतील तर एक रोग संपूर्ण परिसर नेऊ शकतो. मध्य अमेरिकेतील ‘ग्रो मिशेल’ ही केळी पनामा रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यापारातून जवळजवळ उखडली गेली. तिच्या जागी आलेल्या ‘कॅव्हेन्डिश’ गटाला, ज्यात आपले ग्रँड नैन मोडते, त्याच रोगाच्या नव्या प्रकाराने गाठले आहे. आणि तो प्रकार बिहार व उत्तर प्रदेशातील बागांतही आढळला आहे. विज्ञानाने झाडाच्या हुबेहूब प्रती काढण्याचे सामर्थ्य दिले. किती प्रती काढाव्यात आणि शेजारी काय लावावे, हा निर्णय मात्र बाजाराने घेतला.

एका दाण्याचे गणित

आता ‘कमला’कडे वळता येईल. तिची आई ‘सांबा मसुरी’ किंवा ‘बीपीटी ५२०४’. आंध्र प्रदेशातील बापट्ला येथील सरकारी संशोधन केंद्राने १९८६ मध्ये दिलेले हे वाण बारीक, चविष्ट तांदळासाठी दक्षिण भारतात घरोघरी माहीत आहे. भाताची लोंबी निघण्यापूर्वी तिच्या शेंड्यावर मूलपेशींचा पुंजका असतो. तो जितका काळ कोवळा राहील तितक्या लोंबीच्या उपशाखा अधिक आणि तितके दाणेही अधिक. त्याला कोवळे ठेवण्याचे काम सायटोकायनिन हे संप्रेरक करते. भातात एक जनुक असे आहे, की त्याने बनविलेले विकर या संप्रेरकाचा नाश करते. २००५ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातील मोतोयुकी आशिकारी, माकोतो मात्सुओका व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखविले, की ‘हाबाताकी’ या वाणात हे जनुक निसर्गतःच दुबळे आहे आणि म्हणूनच त्याच्या लोंबीला दाणे अधिक लागतात. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी सांबा मसुरीतील हेच जनुक संपादनाच्या कात्रीने निकामी केले. बाहेरच्या कोणत्याही जिवाचे जनुक अंतिम वाणात ठेवलेले नाही. उत्पादन १९ टक्क्यांनी वाढते आणि पीक सुमारे २० दिवस आधी तयार होते, असे शासनाने जाहीर केले. हे खरे ठरले तर तीन आठवड्यांचे पाणी वाचेल आणि मागच्या पिकाला वेळेवर रान मिळेल. ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि, उत्साहाच्या भरात दोन गोष्टी विसरता कामा नयेत. लोंबीला दाणे अधिक लागले म्हणजे सर्व दाणे भरतातच असे नाही. दाणा भरण्यासाठी पान, ऊन, पाणी आणि अन्नद्रव्ये लागतात. ती अपुरी पडली तर पोचट दाणे वाढतात. मक्यातील संशोधनानेही हेच शिकविले आहे. शेंड्यावरचा ‘पुरे’चा निरोप पार बंद केला तर कणीस चपटे व निकामी होते, तो थोडासा मंद केला तरच ओळी वाढतात. मूलपेशी हा जादूचा हंडा नव्हे. तोल किंचित सरकविण्यापुरताच तिच्याशी व्यवहार करता येतो, आणि त्या सरकविण्याचा परिणाम प्रत्येक जमिनीत, प्रत्येक हवामानात वेगळा असू शकतो. म्हणूनच चाचण्यांचे आकडे उघड्यावर असणे अगत्याचे ठरते. या दोन वाणांच्या चाचण्यांवर २०२५ मध्येच काही संघटनांनी आक्षेप घेतले आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते फेटाळले. आक्षेप खरे की उत्तर खरे, याचा निवाडा घोषणांनी होत नाही. प्रत्येक केंद्राचा, प्रत्येक हंगामाचा कच्चा आकडा कोणाही कृषी पदवीधराला तपासता आला पाहिजे. ३० मार्च २०२२ च्या आदेशाने केंद्र शासनाने परकीय जनुक नसलेल्या संपादित वाणांना जनुकांतरित पिकांच्या कठोर नियमांतून सूट दिली आणि पडताळणीचा भार मुख्यत्वे संस्थांच्या जैवसुरक्षा समित्यांवर सोपविला. नियम सैल झाले असतील तर प्रकाश अधिक हवा. येथे नेमके त्याच्या उलट घडण्याचा धोका आहे.

कुलूप कोणाचे, किल्ली कोणाची

यापुढचा प्रश्न मालकीचा. जनुके कापणाऱ्या क्रिस्पर पद्धतीचा पाया एमॅन्युएल शार्पेंतिए व जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये घातला. २०२० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्या पद्धतीच्या पेटंटांवरून विद्यापीठे व संस्था वर्षानुवर्षे न्यायालयांत झगडत राहिल्या. शेतीतील वापराच्या परवान्यांसाठी २०१७ मध्ये अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूट आणि ड्यूपाँट पायोनियर ही बियाणे कंपनी यांनी हातमिळवणी केली. प्रयोगशाळेत प्रयोग करणे वेगळे आणि त्यातून निघालेले बियाणे बाजारात आणणे वेगळे. दुसऱ्यासाठी परवाना लागतो.

कात्री एकटी पुरेशी नाही, हे फार थोड्यांना माहीत असते. जनुक एका पेशीत कापले जाते. त्या एका पेशीपासून पुन्हा संपूर्ण रोप उभे करावे लागते. मका, गहू यांच्या अनेक वाणांत हेच काम अडते. २०१६ मध्ये याच कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ‘बेबी बूम’ आणि ‘वुशेल’ ही दोन जनुके वापरून मक्यासारख्या पिकात हा अडथळा बराच दूर केला. म्हणजे ज्या वुशेलचा शोध विद्यापीठात लागला, ज्याच्या किंचित बदलाने शेतकऱ्याने टोमॅटो मोठा केला, त्याच वुशेलचा हा उपयोग एका बियाणे कंपनीच्या पेटंटांच्या कुंपणाआड गेला. सार्वजनिक विहिरीच्या पाण्यावर खाजगी रहाट बसवावा आणि घागरीमागे पैसे घ्यावेत, तसा हा प्रकार आहे. शास्त्रज्ञांच्या कर्तृत्वाला येथे उणेपणा आणण्याचे कारण नाही. प्रश्न रहाटाचा नाही, विहिरीचा आहे.

असे कुंपण शेतकऱ्याला किती महाग पडते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. पहिल्या वर्षांत ४५० ग्रॅमचे पाकीट सोळाशे ते अठराशे रुपयांना विकले जात होते आणि त्यातील मोठा भाग केवळ जनुकाच्या वापराचे शुल्क होता. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगापुढे दाद मागितली, तेव्हा कोठे किंमत साडेसातशेवर आली. महाराष्ट्राला २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या किमतीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. संकरित बियाणे असल्याने शेतकऱ्याला ते दर वर्षी विकत घ्यावे लागले आणि पुढे गुलाबी बोंडअळीने त्या जनुकावरही मात केली. याच काळात सार्वजनिक क्षेत्राने शेतकऱ्याला घरी राखता येईल असे ‘बिकानेरी नर्मा’ बीटी वाण आणले. परंतु त्यात खाजगी कंपनीच्या जनुकाचा अंश आढळल्याचा वाद उद्भवला आणि ते थोड्याच काळात मागे घ्यावे लागले. केवळ ‘सरकारी’ अशी पाटी लावल्याने लोकहित साधत नाही. सार्वजनिक संस्थेलाही काटेकोरपणाची आणि जाब देण्याची सवय लागते, हा त्या प्रसंगाचा कटू धडा होय.

कमलाच्या बाबतीत परिस्थिती अद्याप हातची गेलेली नाही. ते सरळ वाण आहे. त्याचे बियाणे शेतकऱ्याला घरी राखता येते. भारताच्या पेटंट कायद्यातील कलम ३ (जे) नुसार वनस्पती, बियाणे व वाण यांवर पेटंट देता येत नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि छापील नाममुद्रेविना विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. जगातील फार थोड्या देशांत हा हक्क इतक्या स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. तो टिकविणे हे पहिले कर्तव्य. दुसरे असे, की कात्रीसाठी कायमचे परक्याच्या दारात उभे राहण्याचे कारण नाही. कटकच्या भात संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये ‘टीएनपीबी’ या लहानशा प्रथिनाचा वापर करून भातात जनुकसंपादन करून दाखविले आहे. असे पर्याय आपल्या संस्थांतून उभे राहू शकतात. त्यांना पैसा, वेळ आणि स्वातंत्र्य हवे.

भक्ती नको, भीतीही नको

या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एका पक्षाला प्रयोगशाळेतून निघालेले सर्व काही वरदान वाटते आणि शंका घेणारा तो प्रगतीचा शत्रू ठरतो. दुसऱ्या पक्षाला पेशीला हात लावणे हेच पाप वाटते. समाजवादी विचार या दोहोंपैकी कोणाच्याही मागे जाऊ शकत नाही. उपासमारीशी लढणाऱ्या माणसाने विज्ञानाकडे पाठ फिरविणे हा आत्मघात होईल. आणि विज्ञानाच्या नावाखाली मक्तेदारीला वाट मोकळी करून देणे हा विश्वासघात ठरेल. पेशी निरुपद्रवी आहे की घातक, हे प्रयोगाने ठरवावे. ती कोणासाठी राबणार, हे मात्र लोकशाहीने ठरवावयाचे आहे.

त्या दृष्टीने काही मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. सार्वजनिक पैशातून संपादित केलेले प्रत्येक वाण सार्वजनिकच राहावे. त्याच्या बियाण्यावर कोणत्याही कंपनीला एकाधिकार देऊ नये. परकीय पेटंटाच्या परवान्यासंबंधी जो करार होईल तो संसदेपुढे ठेवावा आणि त्याचा बोजा बियाण्याच्या किमतीत शेतकऱ्यावर टाकू नये. चाचण्यांचे सर्व आकडे, यशाचे तसेच अपयशाचे, मराठीसह सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध करावेत. नवे वाण देताना जुन्या वाणांचा संग्रह गावपातळीवर राखण्याची तरतूद बरोबरीने करावी. कारण हाबाताकीसारखे एखादे वाणच उद्याच्या शोधाचे बीज असते.

शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. कोणत्या पिकाच्या शेंड्याचा अभ्यास व्हावा, हे ठरविताना सर्वांत जास्त नफा कोठे आहे हे न पाहता सर्वांत जास्त गरज कोठे आहे हे पाहावे. आजवर मूलपेशींच्या संशोधनाची मोठी फळे मका, भात, टोमॅटो, केळी यांना मिळाली. महाराष्ट्रातील बहुसंख्य शेतकरी कोरडवाहू आहे. त्याची पिके ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा ही आहेत. त्याला शेंड्याइतकीच मुळाच्या टोकाची काळजी आहे. २०१३ मध्ये जपानमधील शास्त्रज्ञ युसाकु उगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलिपिन्समधील एका डोंगरी भातातून ‘ड्रो-१’ हे जनुक शोधून काढले. मुळाच्या टोकाशी काम करणारे हे जनुक मूळ खोल सरळ खाली वळविते आणि अवर्षणात भात तग धरतो. सोलापूरच्या हलक्या रानातील ज्वारीला, विदर्भाच्या शिवारातील तुरीला अशा संशोधनाची वाट पाहत किती वर्षे काढावयाची? खाजगी भांडवल या पिकांकडे सहजासहजी वळणार नाही, कारण घरचे बियाणे पेरणाऱ्या गरीब शेतकऱ्यात त्याला गिऱ्हाईक दिसत नाही. जेथे गिऱ्हाईक नाही तेथे जाण्यासाठीच तर सार्वजनिक संस्था असते.

हरभऱ्याचा शेंडा खुडणाऱ्या बाईने कधी पेटंट मागितले नाही. तिच्या सासूकडून तिला आलेली रीत तिने सुनेला दिली, शेजारणीला दाखविली. त्या शेंड्यातील पेशीचे रहस्य आज उलगडले आहे, याचा आनंद तिलाही झाला पाहिजे. तो तिला केव्हा होईल? त्या रहस्यातून निघालेले बियाणे तिच्या कणगीत राहील, पुढच्या पेरणीला तिला ते कोणाच्या परवानगीवाचून काढता येईल, आणि त्यातून आलेल्या वाढीव दाण्याचा भाव तिच्या पदरात पडेल, तेव्हा. प्रयोगशाळांचे काम बरेच पुढे गेले आहे. उरलेले काम राजकारणाचे आहे, आणि ते करण्याची जबाबदारी लोकांची व लोकांच्या पक्षांची आहे.